मास्तरांनी न वाचलेली वही

राजमान्य राजेश्री सदाशिवराव यांस,

सांगलीहून ज्ञानोबा तोलाराचा सप्रेम रामराम.

कामाचे मागाहून लिहितो, आधी घरची खुशाली कळू द्या. तुमची स्वतःची पोटदुखी कशी आहे? गौरवसमितीचे चिटणीसपण गळ्यात पडल्यापासून तुमच्या जेवणाच्या वेळा चुकत असणार. ताकात ओवा घालून घेत जा, हसू नका, गुण येतो. सूनबाईंची कंबर बाळंतपणानंतर अजून धरते का? बाळ अंग धरू लागले का? माईंच्या, म्हणजे आपल्या मास्तरांच्या मंडळींच्या, गुडघ्यांची सूज उतरली का? आमच्या कारभारणीने, पारूने, त्यांच्यासाठी आंबेहळदीचे चार तुकडे पुरचुंडीत बांधून दिले आहेत, उगाळून कोमट लेप द्यायला सांगा. आणि ज्यांचे आधी विचारायचे त्यांचे शेवटी विचारतो, कारण धीर होत नाही. मास्तर कसे आहेत? "ताप हटत नाही, अन्नावर वासना नाही, पडून असतात," एवढे तुम्ही लिहिलेत आणि लगेच पुढच्या ओळीत लेख किती पानांचा हवा ते लिहिलेत. सदाशिवराव, असली ओळ लिहून माणसाने पुढे जाऊ नये हो. मी त्या ओळीवरच अडकलो आहे. लेखाचे तुमचे पत्र घडी मोडेपर्यंत वाचले, पण त्या ओळीच्या पोटात आणखी काही निघत नाही.

आपले गुंडोपंत माहुलीकर मास्तर साठ वर्षांचे होत आहेत आणि तुम्ही त्यांच्या षष्ट्यब्दीचा अंक काढता आहात, ही फार चांगली गोष्ट. त्यात 'शिष्य' म्हणून माझा लेख मागितलात. मी शाळेत एक दिवस गेलेला माणूस नाही, लेख कशाशी खातात मला ठाऊक नाही. पत्र तेवढे जमते. तेव्हा हे पत्रच मास्तरांच्या सर्व विद्यार्थिमंडळींनी लेख समजून वाचावे. शेवटी मी काही मागितले आहे. छापण्याचे काय ते नंतर बघा, पण तेवढे आधी करा.

मास्तरांची आणि माझी पहिली भेट सांगलीच्या हळदबाजारात झाली. तेव्हा ते इथल्या शाळेत होते. मी तोलार, म्हणजे काट्यावर पोती तोलून मापे मोठ्याने पुकारणारा. माझ्या जोडीला दुसऱ्या काट्यावर हुसेनभाई. हळदीची सुगी ऐन भरात होती, उडालेल्या भुकटीने आमच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ बराच वेळ नुसते ऐकत उभे होते. गिऱ्हाईक म्हणावे तर मालाला हात लावीना. शेवटी पुढे येऊन त्यांनी विचारले, "तोलार, तुम्ही दोन, तीन, चार म्हणता, पण पहिल्या मापाला एक का म्हणत नाही? लाभ का म्हणता?"

मी म्हटले, "एक म्हटलं की माप एकटं पडतंय, मास्तर. पयल्याला लाभच म्हनायचं. बापजाद्यापास्नं हाय त्ये."

हुसेनभाई तिकडून ओरडले, "आन् मी बरकत म्हंतो. पोतं त्येच, काटा त्योच!"

मास्तर एवढे हसले की त्यांची टोपी भुकटीत पडली. ती झटकायचीही न थांबता त्यांनी खिशातली टाचणवही काढून ते दोन्ही शब्द लिहून घेतले. शिकलेला माणूस आमच्या तोंडचे शब्द लिहून घेतो, हे मी पहिल्यांदा बघितले.

मग त्यांनी विचारले, "तुम्हांला वाचता येतं का?"

"पोत्यावरचं येतंय," मी म्हटले. खरेच तेवढेच येत होते. व्यापाऱ्यांचे मार्के बघून बघून मी अक्षरे ओळखायला शिकलो होतो. जे अक्षर कुणाच्या मार्क्यात नव्हते ते मला येत नव्हते. ज्ञानोबातले 'ज्ञ' कुठल्याच पोत्यावर नव्हते, त्यामुळे मला माझे नाव लिहिता येत नव्हते. मास्तरांनी तिथल्या तिथे खडू मागून घेतला आणि एका रिकाम्या पोत्यावर 'ज्ञ' काढून दाखवले. ते पोते मी आडत्याकडून मागून घरी नेले. पारूने त्याचे पायपुसणे केले, ते वेगळे.

पुढे मास्तरांनी वाचनालयात स्वतःच्या नावावर पुस्तके काढून मला दिली. ग्रंथपालांनी तक्रार केली, की या माणसाकडून पुस्तके पिवळी होऊन परत येतात. माझी बोटे कितीही धुतली तरी पिवळीच राहत. मास्तर त्यांना म्हणाले, "बरं झालं. कुठलं पुस्तक वाचलं गेलं आणि कुठलं नुसतं कपाटात बसलं, ते दुरूनच कळेल." त्या दिवसापासून मी पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टन घालून वाचू लागलो. रागावले असते तर घातले नसते.

त्यांच्या सरळपणाची एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. एकदा वर्गात धडा चालू असताना त्यांनी 'पेव' म्हणजे हळदीचा ढीग असे सांगितले. संध्याकाळी बोलण्यात ते निघाले तेव्हा हुसेनभाईंना हसू आवरेना. "आवं मास्तर, ढीग कसला? पेव म्हंजे जमिनीतली खोल विहीरच की! मानूस आत उतरलं की गडप व्हतंय." मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रविवारी सगळा वर्ग पायी हरिपूरच्या पेवांवर नेला, पेवाच्या तोंडाशी मुलांना उभे केले आणि म्हणाले, "मुलांनो, मी तुम्हांला चुकीचं शिकवलं. बरोबर काय ते हे हुसेनभाई सांगतील, ऐका." हुसेनभाईंनी आयुष्यात तेवढा एकच वर्ग घेतला. अजून त्याचा तोरा मिरवतात.

वाचता वाचता मी लिहू लागलो. बाजाराच्या, घाटावरच्या, माणसांच्या गोष्टी. मास्तर माझे लिहिणे कधी खोडत नसत. जिथे त्यांचे मन थांबे तिथे समासात पेन्सिलीने बारीक टिंब देत, बस्स. आणि सांगत, "आता हे हुसेनभाईंना वाचून दाखवा. ते जांभई देतील ते पान काढून टाका." हुसेनभाईंच्या जांभईने माझी निम्मी पाने गेली. उरली ती बरी होती.

पुढे मास्तर साताऱ्याला हेडमास्तर होऊन गेले. मी पत्र टाकले की आठ दिवसांच्या आत उत्तर येई. कधी चुकले नाही. हे लक्षात ठेवा.

लढाईची वर्षे होती. कागद मिळेना. मास्तर गेल्यावर लिहिलेल्या, त्यांना अजून न दाखवलेल्या माझ्या गोष्टींनी एक जाड वही भरली होती, बाजारातल्या जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून मीच ती केली होती. छापण्याचे स्वप्न कुठले पडायला. तेवढ्यात एका मासिकात जाहिरात आली: साताऱ्याच्या एका साहित्यमंडळाने न छापलेल्या पुस्तकांची स्पर्धा ठेवली होती, आणि पहिली येणारी वही मंडळ आपल्या वाट्याच्या कागदावर छापून देणार होते. नियम असा, की वहीवर लेखकाचे नाव नको, टोपणनाव हवे. खरे नाव वेगळ्या पाकिटात लाखेने बंद करून पाठवायचे. परीक्षक तीन, त्यांची नावे गुप्त.

मास्तरांना कळवायचे नाही असे मी ठरवले. बक्षीस लागले की छापील पुस्तकच त्यांच्या पायाशी ठेवायचे, ही हौस. म्हातारपणी माणसाला असल्या हौशी सुटतात आणि मग त्याच नडतात.

नाव नको म्हटल्यावर पारू बिथरली. "जित्याजागत्या मानसानं लिवलंय, आन् नाव न्हाई लावायचं? चोरीचं हाय का त्ये?"

"नियम हाय."

"मग 'कुनीतरी' म्हून घाला. कुनीतरीच लिवलंय न्हवं!"

तेच घातले. वही रजिस्टर टपालाने पाठवली. नक्कल नव्हती. नक्कल करायला कागद कुठे होता? पोस्टातून बाहेर पडलो आणि पावती पुन्हा पुन्हा खिशातून काढून बघत राहिलो. त्या दिवसांत सातारा जिल्ह्यात धरपकड चालू होती. भूमिगत मंडळी टपालाच्या थैल्या अडवतात, जाळतात, असे रोज कानावर येई. आठ वर्षे लिहिलेले एका थैलीत होते. देश स्वतंत्र व्हावा असे मलाही वाटे, पण माझी थैली सोडून व्हावा असेही वाटे. खोटे कशाला सांगू.

हुसेनभाईंना तर चेष्टेला निमित्तच पाहिजे असते. "तोलार, वही ग्येली का पोरगी ग्येली सासरला? डोळं लागल्यात नुसतं वाटंकडं!"

महिना गेला, दोन गेले. मंडळाचे पत्र नाही, ते एक वेळ चालले असते. पण मास्तरांचेही पत्र येईना. मी एक कार्ड टाकले. उत्तर नाही. दुसरे टाकले, तिसरे टाकले. आठ दिवसांचा नेम कधी न चुकणारा माणूस, ताकास तूर लागू देईना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसे माझे झाले. आजारी असतील का? पोलिसांनी नेले असेल का? का माझेच काही चुकले? मागच्या पत्रात मी काय लिहिले होते ते आठवून आठवून बघे. माझे काट्यावरचे चित्त उडाले. एके दिवशी एकाच मालाच्या तोलाईत मी दोनदा लाभ म्हटले. सगळा बाजार थांबला. आडत्या म्हणाला, "तोलार, तुजा लाभ दोनदा झाला, पर माझं पोतं कुटं ग्येलं?" सगळी पोती पुन्हा काट्यावर चढली. बापाच्या हयातीत, माझ्या हयातीत असे कधी झाले नव्हते. त्या दिवशी मी हुसेनभाईंना म्हटले, "मी साताऱ्याला जाऊन येतो."

मिरजेला गाडी धरली, सातारा रोडला उतरलो. तिथून कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार, ती चढाला लागली की आम्ही उतारू खाली उतरून ढकलायचो. दुपारी मास्तरांच्या दाराशी पोचलो. माईंनी दार उघडले. मला बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी पाणी दिले, ओसरीवर चटई घातली आणि म्हणाल्या, "तोलारभाऊ, बसा. पण त्यांची भेट व्हायची नाही."

"मास्तर बरे हायती न्हवं?"

"बरे आहेत."

इतक्यात आतल्या खोलीतून मास्तरांचाच आवाज आला. दार बंद होते. "तोलार, माझी प्रकृती ठीक आहे. तुम्ही दूरवरून आलात. जेवल्याशिवाय जाऊ नका. पण आज मी तुम्हांला भेटू शकत नाही. का, ते विचारू नका."

मी दाराकडे बघत म्हणालो, "मास्तर, माझं काय चुकलं असंल तर तोंडावर मारा, पर बोला."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा आला. माईंनी पान वाढले. साजूक तूप, वांग्याची भाजी, सगळे होते. समोर बंद दार ठेवून जेवायचे म्हणजे काय, ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. दोन घास गिळले आणि उठलो. माई दारापर्यंत आल्या आणि हळू म्हणाल्या, "त्यांना वाईट समजू नका. ते जेवलेले नाहीत अजून." मला ते त्या वेळी उलटच लागले. वाटले, मी घरात असेपर्यंत जेवणार नाहीत, इतका मी नकोसा झालो.

दीड महिन्याने मासिकात निकाल आला. बक्षीस दुसऱ्याच एका वहीला होते. 'कुणीतरी'चे नाव कुठेही नव्हते. त्यानंतर चारच दिवसांनी, भर बाजारात, माझ्या काट्यासमोर मास्तर येऊन उभे राहिले. काखेत माझी वही होती.

मी काटा सोडला नाही. मास्तर तिथेच एका पोत्यावर बसले आणि सगळे सांगितले. तीन परीक्षकांत ते एक होते. मंडळाने दिलेल्या गठ्ठ्यात 'कुणीतरी'ची वही निघाली. पहिले पान उघडले तर अक्षर ओळखीचे वाटले, आणि गोष्टीवर आकडा घातलेला: लाभ. पुढच्या गोष्टींवर मी दोन, तीन, चार घातले होते. नाव लपवायचे म्हणून मी पाकिटाला तीन ठिकाणी लाख लावली होती, आणि पहिल्याच पानावर जन्माच्या सवयीने स्वतःची ओळख लिहून ठेवली होती. लाभ म्हणणारे सांगली बाजारात शंभर असतील, पण लाभ म्हणून गोष्टी लिहिणारा मास्तरांना एकच ठाऊक होता.

"तो शब्द पाहिला आणि मी वही मिटली," मास्तर म्हणाले. "पुढची एक ओळ वाचलेली नाही. मंडळाला कळवलं, की यातली एक वही माझ्या माणसाची आहे, या स्पर्धेत मी मत देणार नाही. कोणती वही ते सांगितलं नाही. तुमच्या पत्रांना उत्तर दिलं असतं तर हात काहीतरी लिहून गेला असता. तोंड दाखवलं असतं तर तोंड बोललं असतं. निकाल लागेपर्यंत तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. तो लागला, तशी वही मंडळातून मागून आणली."

मी विचारले, "मग बाकीच्या दोगांनी काय क्येलं?"

मास्तरांनी वही मांडीवर घेतली. त्यांना ते सांगायची गरज नव्हती. खोटे सोडाच, नुसते गप्प बसले असते तरी मला कधी कळले नसते. पण ते म्हणाले, "एकाने तुमची वही निवडली, एकाने दुसरी. माझं मत नव्हतं. अध्यक्षांनी दुसरीच्या बाजूने निकाल दिला."

म्हणजे मास्तरांच्या एका मताने माझे पुस्तक छापले गेले असते. वाचून त्यांना आवडले असते तर. आणि ते तर वाचलेच नव्हते.

त्या वेळी मी जे बोललो ते आज या अंकात लिहायला लाज वाटते, पण लिहिले नाही तर या लेखाला अर्थ नाही. मी म्हटले, "परक्या मानसाला तुमी न्याय दिला असता, मास्तर. माझी वही वाचली तरी असती. तुमचा म्हून माझं वाटूळं क्येलं. त्यापरास वळख नस्ती झाली तर बरं झालं असतं."

सगळा बाजार ऐकत होता. मास्तरांनी वही पोत्यावर ठेवली. म्हणाले, "आता निकाल झाला आहे. आता तुम्ही वाचायला द्याल तर मी वाचीन. मी वाट पाहीन." मी वही उचलली आणि फडक्यात बांधली. दिली नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. उन्हाचे दोन वाजले होते. मी पाणीसुद्धा विचारले नाही. त्यांच्या घरी बंद दारासमोर का होईना, मला तुपाचे जेवण मिळाले होते.

मास्तर दिसेनासे झाल्यावर हुसेनभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोलार, तुमच्या मेव्हन्याचा माल आला व्हता तवा तुमी काय क्येलंसा?"

काय केले होते ते साऱ्या बाजाराला ठाऊक होते. घरच्या माणसाचा माल आला की तोलाराने काट्यावरून उठायचे, ही आमची रीत. मी उठलो होतो आणि काटा हुसेनभाईंच्या हातात दिला होता. मेहुणा वर्षभर बोलला नाही.

"त्यो धंदा हाय," मी म्हटले. "ही पुस्तकाची गोष्ट हाय."

"व्हय व्हय," हुसेनभाई म्हणाले, "काटा लोखंडाचा असला की रीत, कागदाचा असला की वाटूळं!" आणि पुढचे पोते घेऊन "बरकत!" म्हणून ओरडले.

याला आता तिसरे वर्ष लागले. मी मास्तरांना पत्र घातले नाही. पण सदाशिवराव, दर महिन्याला ते मासिक माझ्या पत्त्यावर येत राहिले. वेष्टनावर पत्ता मास्तरांच्या हातचा, आत एक अक्षर नाही. एकही महिना चुकला नाही. मी ते वाची, आणि उत्तर देत नसे. गेल्या संक्रांतीला पारूने तिळगूळ बांधून मला बळेच गाडीत बसवले. सातारा रोडला उतरलो, मोटारीपाशी गेलो, आणि ती समोरून जाऊ दिली. उलट्या गाडीने परत आलो. पारूला सांगितले, मास्तर गावाला गेले होते. तिने विचारले, "मग तिळगूळ कुनी खाल्ला?" मिरजेच्या फलाटावर मीच खाल्ला होता.

मागल्या दोन महिन्यांच्या मासिकांवर पत्ता दुसऱ्याच कुणाच्या हातचा होता. अक्षर वळणदार होते, पण परके. पहिल्या वेळी मनाची समजूत घातली. दुसऱ्या वेळी वेष्टन फाडायलाही हात होईना. आणि पाठोपाठ तुमचे पत्र आले, त्यात ती ओळ.

तेव्हा मास्तरांच्या गौरवात मला एवढेच सांगायचे आहे, आणि ते सगळ्यांसमोर सांगायचे आहे, कारण उलटे बोललो तेही सगळ्यांसमोर. मास्तरांनी केले ते बरोबर केले. मला त्याने दुखले, अजूनही दुखते, तेही खरे आहे. त्यांना माझ्याहून कमी दुखले असेल असे मी इतके दिवस धरून चाललो, ते मात्र चुकीचे होते. माझ्याच जेवणाच्या वेळी ते आत उपाशी बसले होते, हे मला माईंनी तोंडावर सांगितले होते. मला ऐकू आले नाही. आपल्या माणसाला झुकते माप देणारे जगात पुष्कळ आहेत, मला तसे कुणी भेटले असते तर माझे पुस्तक छापले गेले असते, आणि मला माझ्या पुस्तकाचा भरवसा कधी आला नसता.

आता मागणे. या पत्राबरोबर तीच वही रजिस्टरने पाठवत आहे. फडके पारूने धुऊन दिले आहे, तरी हळदीचा वास गेलेला नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, पण मी या वेळीही नक्कल केलेली नाही. नक्कल करायला माझ्या हाताला महिना लागेल, आणि तुमच्या पत्रावरून महिनाभर थांबण्याचा मला धीर नाही. हुसेनभाई म्हणाले, मीच न्हेऊन देतो. पण त्यांचा पाय सुजला आहे. आणि मी येत नाही, कारण वहीच्या आधी माझे तोंड दिसले तर मास्तर माझीच समजूत घालत बसतील, वाचायचे राहून जाईल. वही आधी जाऊ दे. ते बोलावतील तर मी मागोमाग निघतो.

त्यांना स्वतः वाचवत असेल तर उशाशी ठेवा. वाचवत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. रोज एक गोष्ट, सकाळी, ताप कमी असताना. घाई करू नका. जांभई दिली तर ते पान सोडा, मला राग नाही. हा लेख त्यांना आधी ऐकवा. छापू नका म्हणाले तर छापू नका.

परमेश्वराने मास्तरांचा ताप उतरवावा, त्यांना अन्नाची गोडी द्यावी, त्यांच्या हाताला पुन्हा पत्ता लिहिण्याची ताकद द्यावी. साठी झाली, आता पंच्याहत्तरी होऊ दे, मग आणखी पुष्कळ होऊ दे. माईंना आणि त्यांना एकमेकांची सोबत निरोगी अंगाने लाभू दे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या तुम्हां सर्व मंडळींची हीच इच्छा असणार, माझी थोडी जास्त आहे, कारण माझे काम अजून राहिले आहे.

सदाशिवराव, वही पोचल्याचे दोन ओळींचे कार्ड उलट टपाली टाका. मग मास्तरांनी ऐकायला सुरुवात केली की दुसरे टाका. काय म्हणाले ते लिहा. काही म्हणाले नाहीत, तर तेही लिहा. कार्डे बरोबर जोडली आहेत, पत्ता मीच घालून ठेवला आहे. पोस्टमन आमच्या बाजारात अकराला येतो. मी काट्यावरच असतो.

आपला,
ज्ञानोबा तोलार